वसंत देसाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही जण कुडाळात एकत्र बसून जुनी गाणी ऐकतो. संगीतकार वसंत देसाईंची पाळी आली की तेच ते प्रश्न ठरलेले. दरवेळी चहा निवेपर्यंत उत्तरं देत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावीत, म्हणून हा खटाटोप. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत, उगाच क्रम लावलेला नाही.

वसंत देसाई खरंच आपल्याकडचे का?

हा प्रश्न विचारणारा साधारण मुंबईहून गणपतीला आलेला असतो. इथली म्हातारी माणसं विचारत नाहीत, सरळ सांगतात, "आपलोच तो." होय, आपलेच. जन्म ९ जून १९१२, गाव सोनवडे, कुडाळ परिसर. तेव्हा हा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. बालपण इथेच, कोकणात गेलं.

कट्यारमधले खाँसाहेब ते हेच ना?

नाही हो! ते डॉ. वसंतराव देशपांडे, गायक. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातले खाँसाहेब. त्या नाटकाचं संगीतही देसाईंचं नाही, पं. जितेंद्र अभिषेकींचं आहे.

हा घोळ इतका पक्का आहे की एका गावातल्या कार्यक्रमाच्या फलकावर नाव वसंत देसाईंचं आणि फोटो वसंतरावांचा, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. फलक छापून झाला होता, कार्यक्रम संध्याकाळी होता. शेवटी फोटोवर झेंडूची माळ अशी सोडली की चेहरा झाकला गेला. माळ बघून दोघांनी मला विचारलं, आजच पुण्यतिथी आहे काय?

मराठी संगीतात वसंत पुष्कळ, हेही खरं. वसंत पवार म्हणजे 'सांगत्ये ऐका'च्या लावण्यांचे. वसंत प्रभू म्हणजे पी. सावळाराम आणि लताबाईंच्या भावगीतांचे. देसाई हे तिसरे. तिघांच्याही चाली एकदा ओळीने ऐका, परत गल्लत होणार नाही.

कुडाळचा मुलगा सिनेमात पोचलाच कसा?

घाट चढून. मुंबईची वाट समुद्रातून होती, पण हा मुलगा गेला कोल्हापूरला. १ जून १९२९ ला तिथे प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली आणि सतरा वर्षांचा वसंत तिच्यात शिरला. संगीतकार म्हणून मुळीच नाही. तेव्हा चित्रपट मुके होते, संगीतकाराचं काय काम? पडेल ते काम करायचं, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. प्रभातच्या 'खूनी खंजर' (१९३०) या मूकपटात ते दिसले होते.

मग बोलपट आला. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, आणि त्यात देसाईंचा आवाज आहे. पुढे मास्तर कृष्णरावांच्या हाताखाली साहाय्यक. टेंबे आणि कृष्णराव, म्हणजे संगीत रंगभूमीची दोन विद्यापीठंच. त्यांच्याजवळ दहा-बारा वर्षं बसल्यावर माणूस वेगळाच तयार होतो. तो रागाला घाबरत नाही, आणि रागाचं प्रदर्शनही मांडत नाही. देसाईंच्या चालींत मला सगळ्यात जास्त हेच ऐकू येतं.

शांतारामबापूंशिवाय त्यांचं काय?

प्रश्नात जरा खोच असते. शांतारामबापूंनी, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी, प्रभात सोडून १९४२ ला परळमध्ये राजकमल कलामंदिर काढलं आणि पहिल्याच 'शकुंतला'ला (१९४३) संगीत दिलं देसाईंनी. त्यानंतर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', 'लोकशाहीर राम जोशी', 'दहेज', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ'. एवढी यादी पाहून लोकांना वाटतं, हा राजकमलचाच माणूस.

पण १९५९ घ्या. शांतारामबापूंचा 'नवरंग' त्याच वर्षी आला आणि त्याला संगीत होतं सी. रामचंद्रांचं. देसाईंनी त्या वर्षी विजय भट्टांसाठी 'गूंज उठी शहनाई' केला. शांतारामांशिवाय देसाई काय, याचं उत्तर त्यातल्या कुठल्याही गाण्यात मिळेल. नंतर 'इये मराठीचिये नगरी' आणि त्याच्या हिंदी 'लडकी सह्याद्री की'साठी दोघं परत एकत्र आले. पं. जसराजांना चित्रपटासाठी गायला लावलं ते याच हिंदी चित्रपटात, अहिर भैरव रागात.

शाळेत म्हणतो ती प्रार्थना त्यांची आहे म्हणे?

एक नाही, दोन.

'ऐ मालिक तेरे बंदे हम' हे 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधलं, शब्द भरत व्यासांचे, आवाज लताबाईंचा. 'हमको मन की शक्ति देना' हे 'गुड्डी' (१९७१) मधलं, शब्द गुलजारांचे, आवाज वाणी जयराम यांचा. दोन चित्रपटांत चौदा वर्षांचं अंतर, कवी वेगळा, गायिका वेगळी. चाल लावणारा तेवढा एकच.

'दो आँखें'ची कल्पना औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून आलेली. सहा खुनी कैदी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. म्हणजे ती प्रार्थना मुळात शाळेची नव्हेच, कैद्यांची आहे. आणि आता गावोगावच्या शाळांत पोरं ती हात जोडून म्हणतात. सिनेमाला बर्लिनमध्ये रौप्य अस्वल मिळालं, पण मला विचाराल तर मोठा पुरस्कार शाळेच्या पडवीतला.

या दोन्ही चालींची खुबी कुठे आहे ते पेटीवर बसल्याशिवाय कळत नाही. एका शाळेत मी काही वर्षं प्रार्थनेला पेटी धरायचो. जुलैचा पाऊस, कौलांवर असा आवाज की पेटी मलाच ऐकू येत नव्हती. दमट हवेने पट्ट्या चिकटलेल्या, मधल्या सप्तकातला पंचम दाबला की वर यायलाच तयार नाही. पहिली ते सातवी सगळी पोरं एका पडवीत. कुणाचा आवाज फुटलेला, कुणाचा अजून दुधाचा. तरीही 'हमको मन की शक्ति' सरळ निघायचं. का? ते केदार रागात आहे. केदारात षड्जावरून थेट मध्यमावर, म्हणजे 'सा'वरून 'म'वर, उडी असते आणि ती पोरांच्या गळ्याला आपोआप सापडते. तीव्र मध्यमही लागतो, पण तो असा हळूच येऊन जातो की आपण अवघड स्वर लावला हे पोरांना कळतही नाही. 'ऐ मालिक'चंही तेच. भैरवीच्या अंगाने जाणारं गाणं आणि दर कडव्यानंतर सगळ्यांनी मिळून परत मूळ ओळीवर यायचं. चुकलेल्याला परत येऊन मिळायला जागा ठेवलेली आहे.

पन्नास बेसूर गळे गृहीत धरून चाल लावणं ही वेगळीच विद्या आहे. लताबाईंसाठी अवघड चाल बांधणारे पुष्कळ झाले.

'घनश्याम सुंदरा' त्यांचं की पारंपरिक?

शब्द होनाजी शाहिराचे, पेशवाईतले. आज आपल्या कानात जी चाल आहे ती 'अमर भूपाळी' (१९५१) मधली, देसाईंची. आवाज पंडितराव नागरकर आणि लताबाईंचे. लोक ती पारंपरिक समजतात, यात संगीतकाराची तारीफच आहे. चित्रपट १९५२ ला कानच्या महोत्सवात गेला आणि तिथे त्याच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

माझ्या आजीने तो सिनेमा कधी पाहिला नाही. पण सकाळी चुलीवर पेजेचं आधण ठेवताना तीच चाल गुणगुणायची. सिनेमातली आहे म्हटल्यावर तिने मला वेड्यातच काढलं असतं.

'श्यामची आई'चं संगीतही त्यांचंच?

होय, आणि हे आम्हाला जास्तच जवळचं. साने गुरुजी पालगडचे, म्हणजे दापोलीकडचे. गोष्ट सगळी कोकणातली. चित्रपट आचार्य अत्र्यांचा (१९५३), आणि भारतातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं. संगीत सिंधुदुर्गातल्या माणसाचं.

'भरजरी गं पितांबर दिला फाडून' अत्र्यांनी लिहिलं, गायलं आशाबाईंनी. द्रौपदीने कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली ती कथा. ही चाल मला सिनेमाच्या गाण्यापेक्षा जात्यावरच्या ओवीच्या जवळची वाटते. ओळ संपते तिथे श्वास संपतो, पुढच्या ओळीला जात्याचा खुंटा परत पुढे. वाद्यांनी कुठे गर्दी केलेली नाही.

त्यांच्यावर दशावताराचा आणि भजनाचा परिणाम दिसतो का?

इथे प्रत्येकाला 'हो' हवं असतं. इथल्या कुठल्याही पोराच्या कानावर पेटी, पखवाज, झांज आणि रात्रभर चालणारा दशावतार पडतो, त्यांच्याही पडला असणार. पण अमुक चाल अमुक नाटकातून आली, असं बोट ठेवून मी दाखवणार नाही. तसं सांगणारे भेटतात, त्यांच्याशी वादही घालत नाही.

उलट बाजूने मात्र खात्रीने बोलता येतं. देसाईंच्या चाली इथल्या भजनात शिरल्या. डबलबारी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन बुवा, दोन मंडळं, आळीपाळीने बारी. एकाने गायलं की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. रात्री दोन-अडीचला पब्लिक पेंगायला लागलं की बुवा गवळण काढतो आणि ती ओळखीच्या चालीवर बांधतो. एकदा एका बुवाने 'दिल का खिलौना हाय टूट गया'च्या चालीवर गवळण टाकली. भैरवीच ती, गवळणीला अशी बसली की जणू राधेसाठीच केली होती. पखवाजवाला हसत होता, कोरसवाल्यांनी गजर उचलला आणि माझ्या शेजारचे काका झोपेतून उठून म्हणाले, "ही चाल खंय तरी आयकल्यासारखी वाटता." संगीतकाराचं नाव मंडपात एकालाही सांगता आलं नसतं.

'झनक झनक' आणि 'गूंज उठी', यांत थोर कुठला?

मारामारी होईल असा प्रश्न.

'झनक झनक पायल बाजे' (१९५५) हा थाटाचा. रंगीत चित्रपट, गोपीकृष्ण यांचं नृत्य, आणि शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांचं, अडाणा रागात. विलंबित ख्यालाच्या या बादशहाला देसाईंनी तेवढ्याशा वेळात, तार सप्तकात झेपावणारा अडाणा गायला लावला. शिवकुमार शर्मांचं संतूर चित्रपटात पहिल्यांदा वाजलं तेही यातच. पण 'नैन सो नैन नाही मिलाओ' मला जास्त आवडतं. मालगुंजी, लताबाई आणि हेमंतकुमार, आणि कुणालाही घाई नाही.

'गूंज उठी शहनाई'त नायकच सनईवाला. सनई उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची. देसाईंपुढचा पेच असा की सनई इतकी मोठी असताना गाण्याने तिच्यासमोर उभं कसं राहायचं? त्यांनी गाणं सनईला बिलगून नेलं. 'तेरे सुर और मेरे गीत' बिहागात आहे. सनईने सूर सोडला की लताबाई तिथूनच उचलतात. डोळे मिटून ऐका, सांधा सापडत नाही.

माझं मत 'गूंज उठी'ला. आमच्या बैठकीत याबाबतीत मी अल्पमतात आहे.

'बोले रे पपीहरा' पेटीवर वाजतं तसं का वाजत नाही?

वाजणारच नाही. मियाँ मल्हारातला कोमल गंधार एका जागी बसून राहत नाही, झुलतो. पावसाआधी माडाचं झावळं हलतं तसा. पेटीची पट्टी त्याला एका जागी खिळवते. दोन्ही निषाद तेवढे जवळजवळ सापडतात, बाकी ज्याच्यात जीव आहे ते निसटतं. शिकणारे येतात, स्वर बरोबर वाजवतात आणि म्हणतात, "सर, तसा नाय वाटत." तसं वाटणार नाही, बाबा. आधी गाऊन बघ.

'गुड्डी'तल्या या गाण्याचा मुखडा जुन्या बंदिशीचा, पुढचे शब्द गुलजारांचे. वाणी जयराम तेव्हा हिंदीत अगदी नव्या होत्या. लताबाई, आशाबाई असताना नव्या मुलीला मियाँ मल्हार द्यायचा, हे धाडस देसाईंचं. तिचा गळा त्यांनी आधी मराठीत पारखला होता: 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी', कुमार गंधर्वांबरोबर. कुमारजींसमोर जी उभी राहू शकते तिला सिनेमाची भीती कशाला?

नाटकांना संगीत दिलं होतं का?

भरपूर. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०): 'जय गंगे भागीरथी', 'मदनाची मंजिरी'. त्यानंतर 'जय जय गौरीशंकर', त्यातलं 'नारायणा रमारमणा' इथल्या भजनी मंडळींना तोंडपाठ. बाळ कोल्हटकरांचं 'देव दीनाघरी धावला': त्यात कुमारजींचं 'उठी उठी गोपाला'. संगीत नाटक संपलं असं सगळे म्हणत होते त्या काळात ही पदं आली. जत्रेतल्या नाटकात 'जय गंगे' लागलं की मंडपामागची खाज्यांची दुकानंसुद्धा गप्प होतात.

'रेलगाडी' हे भारतातलं पहिलं रॅप, खरं का?

असली पहिल्या नंबरची भांडणं मी खेळत नाही. 'आशीर्वाद' (१९६८), शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे, म्हटलंय अशोककुमारांनी. म्हटलंय, गायलेलं नाही, एवढं खरं. त्याच चित्रपटातलं 'एक था बचपन' आधी ऐका.

संयुक्त राष्ट्रसंघाशी त्यांचा काय संबंध?

२३ ऑक्टोबर १९६६ ला एम. एस. सुब्बुलक्ष्मी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात गायल्या. तिथे त्यांनी 'मैत्रीं भजत' हे संस्कृत गीत म्हटलं. रचना कांचीच्या शंकराचार्यांची, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींची, आणि चाल वसंत देसाईंची. युद्ध टाका, स्पर्धा टाका, असा त्याचा आशय. कर्नाटक संगीताच्या एवढ्या मोठ्या गायिकेसाठी चाल कुडाळकडच्या माणसाची, हे सांगितलं की बैठकीत क्षणभर कुणी बोलत नाही. मग कुणीतरी मोबाइलवर शोधायला लागतं.

ते गेले कसे?

२२ डिसेंबर १९७५. मुंबईत, राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये अपघात झाला. वय त्रेसष्ट. काम थांबलेलं नव्हतं. त्यांचं संगीत असलेला 'शक' त्यानंतर, १९७६ ला पडद्यावर आला.

एवढा मोठा माणूस, मग नाव का मागे पडलं?

कारणं शोधणारे म्हणतात, मोठ्या नटांचे चित्रपट कमी केले, बाजाराच्या मागे धावले नाहीत. असेल. मला दुसरंच वाटतं. त्यांच्या चाली ज्या जागी जाऊन बसल्या तिथे नाव विचारायची पद्धतच नाही. प्रार्थनेचा संगीतकार कोण, असं शाळेत कुणी विचारतं का? भूपाळीचा? बुवाच्या गवळणीचा? नाटकातलं पद त्या नाटकाच्या नावावर, भजन देवाच्या नावावर. प्रेमगीतांचं बरं असतं, त्यांच्याबरोबर नायकाचं, गायकाचं, संगीतकाराचं अशी नावं फिरतात.

याचं दुःख करायचं की कौतुक, यावर आमच्यात दोन तट आहेत. तिकीट लावून कार्यक्रम करणारे दुःखाच्या बाजूला.

आधी काय ऐकू?

मूल असेल तर 'गुड्डी'ची प्रार्थना. गाणं शिकत असाल तर 'बोले रे पपीहरा', मग 'नैन सो नैन'. नाट्यसंगीतवाले 'जय गंगे'पासून. आणि एकदा गुलजारांचा 'अचानक' (१९७३) बघा. त्यात एकही गाणं नाही, फक्त देसाईंचं पार्श्वसंगीत. गाणी काढून घेतल्यावर संगीतकारापाशी काय उरतं, ते तिथे कळतं.

आमच्याकडे जुन्या तबकड्या आहेत, आणू का?

आणा, पण पावसाळ्यात नको. गेल्या आषाढात एकाने 'अमर भूपाळी'ची तबकडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. कागद ओला होऊन तिला चिकटला आणि बातमी उलटी उमटली. ओल्या मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेने गोल पुसत अर्धा तास काढला, तेव्हा कुठे सुई बसली. खरखर होतीच. लताबाई सुरू झाल्या, दोन ओळी झाल्या आणि वीज गेली. मग उरलेली भूपाळी, संध्याकाळी सहा वाजता, आम्हीच म्हटली.